नवतप्यातलं ओलं पातळ

आमच्या घरी कपडे वाळत घालणं हे काम नाही, परीक्षा आहे, आणि परीक्षक बारा महिने घरातच असतात. परीक्षक म्हणजे माझे सासरे, बाबनराव. मी त्यांना मामाजी म्हणते.

मी कुहीकडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली शेतकऱ्याची पोर. आमच्या माहेरी कपडे वाळायला टाकायचे म्हणजे खरोखर टाकायचे. कुंपणावर, गोठ्याच्या कवेलूंवर, बैलबंडीच्या दांडीवर, जागा दिसेल तिथं. संध्याकाळी जे सापडलं ते आपलं, जे उडालं ते शेजाऱ्याचं. लग्न होऊन नागपुरात, इतवारीमागच्या या गल्लीत आले आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचा, म्हणजे पंकजचा, शर्ट कचकचीत पिळून दोरीवर फेकला. मागून आवाज आला, "सूनबाई, त्याचा गळा काहून दाबून राहिली वं?"

त्या दिवसापासून माझं शिक्षण सुरू झालं. कपडा पिळायचा नाही, निथळू द्यायचा. मग दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायचं, काठाला काठ जुळवायचा, आडवं ताणायचं, उभं ताणायचं आणि मगच दोरीवर घालायचं. साधा पायपुसण्याचा तुकडा असला तरी त्याला ही सगळी वागणूक मिळते. पंकजनं हौसेनं वॉशिंग मशीन आणली, तर तिच्या सुकवायच्या टबात मामाजी कपड्यांचे चिमटे ठेवतात. मी आधी वैतागायचे, भांडायचे. अजूनही भांडते. पण मागे एकदा माहेरी गेले होते तेव्हा वहिनीनं चादर तशीच चुरगळलेली दोरीवर टाकली आणि मला चक्क राग आला. तेव्हा कळलं, आपण बाटलो.

याला कारण आहे. आमची मंडळी कोष्टी, पिढ्यान् पिढ्या विणकर. आज जिथं आमचा टीव्ही आहे तिथं पूर्वी मामाजींचा माग होता. हातमागाचं पातळ कोणी विकत घेईना तेव्हा माग गेला, आणि मामाजी इतवारीतल्या एका कापडाच्या दुकानात गादीवर बसू लागले. दिवसभर मशिनीवर निघालेल्या साड्यांच्या घड्या उलगडून बायांना दाखवायच्या, "घ्या ना ताई, छान दिसन," म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या टॉवेलांचे काठ जुळवायचे. माग जायच्या आधी त्यांनी शेवटचं एक पातळ विणलं होतं. दुधी रंगाचं सुती अंग आणि तांबडे रेशमी काठ. ते पेटीत होतं. सासूबाई, म्हणजे वच्छलाबाई, म्हणायच्या, "माहं काय आता मिरवाचं वय आहे?" मला कोणी विचारलंच नाही. मी त्यावरून एकदा रुसलेही होते, पण ते जाऊ द्या.

यंदा मे महिन्यात माझ्या नणंदेचं, रोशनीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला. रोशनी शाळेत गणित शिकवते, आणि घरातही कोणाचं उत्तर चुकलं की सोडत नाही. मुलगा उमरेडचा, कुशल, मोटारपंपांचं दुकान आहे त्याचं. तेही मूळचे विणकरच. साक्षगंधासाठी आम्ही तिघी भर उन्हात बर्डीच्या बाजारात पायपीट करून एक पिस्ता रंगाची चकचकीत साडी घेऊन आलो. घरी आल्यावर रोशनीनं ती आरशासमोर खांद्यावर टाकून पाहिली, घडी केली आणि जेवायला बसलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, साक्षगंधाले मी तुम्ही विणलेलं पातळ नेसन."

मामाजींचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "पाह्य बा. जुनं आहे ते." आणि उठून मागच्या अंगणात गेले. तिथं बराच वेळ खाकरत होते. परत येऊन त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली, वर वरणही. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातचं कापड चार लोकांत येणार होतं, आणि तेही लेकीच्या अंगावर. हा माणूस आनंद झाला की बोलत नाही, जेवतो.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात गेले तर मामाजी उकिडवे बसलेले, शेजारी गंजात, म्हणजे पातेल्यात, तांदळाची कांजी, आणि ते पातळ बाजेवर पसरून त्याच्या अंगाला ते कुंचीनं, म्हणजे विणकरांच्या ब्रशनं, कांजी देत होते. काठाला थेंब लागू नये म्हणून जीभ दातांत धरलेली.

"मामाजी, आज?" मी ओरडलेच. "अकरा वाजता पाहुणे येऊन राहिले!"

"मग काल देऊ? कांजीचं कापड पेटीत ठेवत नाही वं, कसर लागते. नेसायच्या दिवशीच देतात."

"पण वाळेल कधी?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी नागपूरची नाहीच. "नवतपा चालू आहे. चिमटा लावाच्या आत वाळते."

तसं त्यांचं चूक नव्हतं. मे महिन्याच्या शेवटाला ते नऊ दिवस आमच्या गावात सूर्य डोक्यावर नाही, खांद्यावर बसलेला असतो. दोरीवर दुसरी चादर घालेपर्यंत पहिली घडी करून आत नेता येते. नवतप्यात कापड वाळणार नाही ही शंका घेणं म्हणजे नागपूरचा अपमान. मी गुमान पातळाचं दुसरं टोक धरलं, आम्ही दोघांनी ते ताणलं आणि दोरीवर घातलं.

आणि आभाळ आलं.

आधी एक ढग आला, तेव्हा मामाजी म्हणाले, "जाईन." मग वारा सुटला, गल्लीतली धूळ आणि कोणाच्या तरी गच्चीवरची ताडपत्री उडाली, आणि टपोरे थेंब पडू लागले. मी आणि मामाजींनी पातळ आत घेतलं तेव्हा बाहेर गारा पत्र्यावर ताडताड वाजत होत्या. पुढच्या अंगणात मांडवाखाली आचारी कोथिंबिरीच्या सांबारवडीची कढई झाकायला धावत होता. नवतप्यात गारा! सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, आधी आभाळाकडे पाहिलं, मग पातळाकडे, मग नवऱ्याकडे.

"अवो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आज साक्षगंध, न् आजच कांजी सुचली?"

मामाजी पातळ चाचपत राहिले. ते बोलत नाहीत तेव्हा मला भीती वाटते, कारण माझं अर्धं आयुष्य त्यांच्या बोलण्याला उत्तर देण्यात जातं.

पंकज म्हणाला, "इस्त्री मारू ना बाबा, पाच मिनिटांचं काम."

"ओल्या कांजीवर इस्त्री? चिकटून बसन. न् रेशीम जळलं तं?"

"मग मशीनमध्ये फिरवू."

यावर मामाजींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पंकज आचाऱ्याकडे लक्ष द्यायला निघून गेला.

आम्ही ते पातळ आतल्या खोलीत आडव्या दोरीवर घातलं. पण खोलीत साक्षगंधाच्या सामानाच्या पिशव्या, गाद्या, दमट हवा. वाळणं दूरच, कांजीला आंबूस वास यायला लागला. कांजीच्या कापडाचं असंच असतं म्हणे. एका दमात वाळलं तर राजाचं, नाही तर पोळ्या झाकायचं फडकं. मामाजी पातळाचा काठ हातात धरून उभे होते आणि चेहरा असा झाला होता की मला त्यांच्यावर रागावताही येईना. शेवटी ते रोशनीकडे न पाहताच म्हणाले, "बर्डीची नेस बाई. चांगली आहे ते."

रोशनी डोक्याला टॉवेल गुंडाळून, गाऊनवर, अर्ध्या चेहऱ्याला पावडर लावून बसली होती. ती उठली. "नाही. मी सांगतलं ना, हेच नेसन. हे वाळल्याशिवाय मी पाटावर बसत नाही."

"अन् ते लोक येऊन बसले तं?" सासूबाई म्हणाल्या.

"बसू दे. पंखा लावून दे त्यांले."

पोरगी बापावर गेली आहे, दुसरं काय. मामाजी तिला रागावले नाहीत. त्यांनी डोळे पुसायला खांद्यावरचा दुपट्टा शोधला, तो नव्हता, म्हणून बाहीनं पुसले.

तेवढ्यात समोरच्या घरातून गोपाळराव आले. त्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे, आणि आवाज असा की भांडी आपोआप वाजावीत. त्यांना गोष्ट कळायला वेळ लागला नाही. गल्लीत कोणाची गोष्ट कळायला वेळ लागत नाही. ते म्हणाले, "अबे, कूलर कायले ठेवले आहेत मग? पंकज! पानी काढ, पंप बंद कर, वाळ्याच्या ताट्या काढून टाक. कोरडा पंखा राहते तो. माहा पन आणतो."

हे मला सुचायला हवं होतं. नागपुरात घरात एकवेळ देव्हारा लहान असेल, कूलर मोठाच असतो. आमचा ओढून आणला, गोपाळरावांचा लोखंडी कूलर तिघांनी मिळून गल्लीतून आणला, त्याच्या ओल्या ताट्या काढून बाजूला ठेवल्या. बैठकीत दोन्ही कूलर समोरासमोर लावले आणि मधे पातळ. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मामाजी. कूलर चालू केले तसं पातळ शिडासारखं फुगलं. आंबूस वास गेला. काठ सुटे झाले. मामाजींच्या तोंडावर रंग आला आणि ते लगेच मला म्हणाले, "तुह्या बाजूनं ढिलं आहे." मी म्हटलं, चला, माणूस ठीक झाला.

आणि लाइट गेली.

गोपाळराव ओरडले, "माह्याकडे इन्व्हर्टर आहे!" मग त्यांनाच आठवलं की इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही.  पाऊस थांबला होता. पन्हाळीतून थेंब टपटपत होते. दारातून गार वारा आत आला, गारा पडून गेल्यावर येतो तसा, आणि पातळाचं माझ्या हातातलं टोक हललं.

मामाजींनी दाराकडे पाहिलं. "बाहेर घ्या," ते म्हणाले.

"गल्लीत?" सासूबाई म्हणाल्या. "चिखल आहे!"

"खाली नाही लागू देत. पांजणी कुठं करत होतो आपण?"

हे मला ऐकून माहीत होतं. पूर्वी या गल्लीत सकाळी सकाळी सुताचा लांबच लांब ताणा बांधायचे, त्याला कांजी पाजायचे आणि गल्लीतली सगळी माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहून कुंचीनं तो विंचरायची. त्यालाच पांजणी म्हणत. तेवढा वेळ गल्ली बंद. सायकलवाला, दूधवाला, लग्नाची वरात, कोणीही असो, थांबायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते सगळं संपलेलं होतं.

आम्ही पातळ बाहेर घेतलं. चार कोपऱ्यांना मामाजी, मी, पंकज आणि गोपाळराव. मधे सासूबाई आणि टॉवेल गुंडाळलेली रोशनी. पातळ खांद्याएवढं उंच धरलं, वाऱ्याच्या तोंडी, आणि मामाजी सांगतील तसं एकदा वर, एकदा खाली. "वर... आता सोडा... वर!" गोपाळराव व्यापारी माणूस, त्यांचं सारखं चुकायचं. मामाजी त्यांना म्हणाले, "गोपाळराव, हे पातळ आहे, तराजू नाही." गोपाळराव इतके हसले की त्यांचा कोपरा चिखलात जाता जाता वाचला. शेजारच्या बाया दारात आल्या, कोणी पन्हाळीखाली बादली लावली, कोणी मधे आधाराला हात दिला. वारा मस्त होता. पातळाखालून वाहायचा तेव्हा ते अख्खं थरथरायचं आणि तांबडे काठ चमकायचे. मला वाटलं, अशी साडी मी आजवर पाहिली नाही. खरं सांगते, मला पुन्हा थोडा हेवा वाटला.

मग मागून हॉर्न वाजला.

आमच्या गल्लीत एक गाडी शिरली की दुसरीला जागा नसते. गाडीकडे मामाजींची पाठ होती. ते न वळताच ओरडले, "अबे थांब ना! दिसत नाही का? कापड वाळून राहिलं!"

हॉर्न पुन्हा वाजला.

"हॉर्न कोनाले दाखवतो बे? उतरून मागं घे गाडी!"

मला समोरून दिसत होतं. ती उमरेडची गाडी होती. खिडकीत हळदीकुंकू लावलेल्या बाया, मागे फेटे, आणि ड्रायव्हरशेजारी शेरवानीतला कुशल, तोंड उघडं. मी डोळ्यांनी मामाजींना खूण केली. त्यांना वाटलं माझ्या बाजूनं ढिलं झालं. ते म्हणाले, "ताण ना वं!" शेवटी सासूबाईंनीच पदर तोंडावर घेऊन सांगितलं, "अवो, आपले याही आहेत ते."

मामाजी वळले. व्याह्यांना 'अबे' म्हणालेला वधूपिता मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या दोन्ही हातांत पातळ, त्यामुळे हातही जोडता येईनात. रोशनी टॉवेल सावरत पळणार होती, पण तिनं हात सोडला तर मधला भाग चिखलात जाणार. ती तशीच उभी राहिली, लाल होऊन.

गाडीतून आधी कुशलची आजी उतरली, मनकर्णाबाई. लहानशी बाई, गुडघ्यांवर हात ठेवून एकेक पायरी उतरली. ती ना मामाजींशी बोलली, ना सासूबाईंशी. सरळ पातळापाशी आली, अंगठा आणि बोट यांत कापड धरून चोळलं, काठ उलटा करून पाहिला. 

"कांजी कोनं देल्ली?" तिनं विचारलं.

"मी," मामाजी म्हणाले.

"आज सकाळी?"

"हो."

"नवतप्याच्या भरवशावर?"

मामाजींनी मान खाली घातली.

"आमच्या बुढ्यानं पन हेच केलतं," मनकर्णाबाई म्हणाली. "माह्या साक्षगंधाले, त्याच्या घरून आलेल्या पातळाले. उन्हाच्या भरवशावर कांजी देल्ली न् आभाळ आलं. मी ओलंच नेसली न् सगळ्या पाहुण्यांसमोर शिंकत बसली. कोष्ट्याची जात, हात थांबत नाही ना!" ती गाडीकडे वळली. "पाहून काय राहिले? उतरा सगळे! हात पुसून घ्या, अंगठ्या काढा, रेशीम अटकन!"

आणि मंडळी उतरली. काका, मामा, काकू, फेटेवाले, सगळे. ज्यांचे पाय धुवायला आम्ही परातीत पाणी भरून ठेवलं होतं ते लोक चिखलातून येऊन पातळाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. कोणाला काही सांगावं लागलं नाही. अंगठा वर, बोटं खाली, काठ मोकळा. बँकेत कारकून असलेल्या काकांचाही हात तसाच बसला. मी आणि गोपाळराव आपापले कोपरे सोडून बाजूला झालो, कारण आता आमचं काम नव्हतं. मामाजी मोठ्यानं म्हणाले, "वर!" आणि अख्खं पातळ एकदम वर गेलं, एकही सुरकुती न पडता.

कुशल रोशनीच्या बरोबर समोर आला होता. मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, कारण मी ऐकत होते.

"ताणू का?" त्यानं हळूच विचारलं.

"जास्त नको. फाटलं तं बाबा लग्न मोडतीन."

"टॉवेल छान दिसते."

"पुढं पाहून धर."

पातळ वाळलं. सगळं नाही, निऱ्यांचा भाग जरा दमट राहिला. मामाजी म्हणाले अजून थोडं थांबू, पण भटजींनी घड्याळ दाखवलं आणि मनकर्णाबाई म्हणाली, "उरलेलं अंगावर वाळते." मी रोशनीला नेसवलं. कांजी जरा जाडच झाली होती. प्रत्येक निरी पुठ्ठ्यासारखी उभी राहत होती आणि चालताना असा आवाज येत होता, जणू कोणी शेजारी बसून पापड खातंय. पण ती बाहेर आली तेव्हा मांडवातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. दुधी रंग, तांबडे काठ, केस अजून ओलेच. मामाजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

आमच्याकडे साक्षगंधाला मुलगी माहेरच्या कपड्यात पाटावर बसते, ओटी भरली की उठून आत जाते आणि सासरहून आलेली साडी नेसून बाहेर येते. म्हणजे मामाजींच्या पातळाचं राज्य तेवढ्यापुरतंच. पूजा झाली, कुंकू लागलं, ओटी भरली. मनकर्णाबाईंनी जांभळी भरजरी साडी तिच्या हातात ठेवली. "जाय बाई, नेसून ये."

रोशनी उठली. पण पातळ उठलं नाही. दमट निऱ्या बसल्या बसल्या वाळल्या होत्या, तशाच. रोशनी सरळ उभी आणि तिच्या पुढं दोन गुडघे अजून मांडी घालून बसलेले! तिनं हातानं दाबून पाहिलं. गुडघे पुन्हा वर आले. आधी कुशल हसला, मग रोशनी, मग सगळा मांडव. सासूबाई हसता हसता खुर्चीवर बसल्या. गोपाळराव तर भिंतीला टेकले. मी मामाजींकडे पाहिलं, म्हटलं आता यांना वाईट वाटणार. पण ते हसत होते. डोळे मिटून, पोट धरून हसत होते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यानंच मला भरून आलं.

रोशनी ती जांभळी साडी घेऊन आत निघाली, गुडघे पुढे. मनकर्णाबाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. हे नको बदलवू." आणि जांभळी साडी तशीच घडीनं तिच्या खांद्यावर टाकली. "झालं. नेसल्यासारखंच झालं. कोनाले काही म्हनायचं असन तं मले म्हना." 

जेवायला पंगत बसली तेव्हा मनकर्णाबाई मुद्दाम मामाजींच्या शेजारी बसली. मी पुऱ्या वाढत होते. तिनं सांबारवडी तोडत विचारलं, "बाबनराव, लग्नाचं पातळ नवरदेवाकडून राहते ना?"

"हो. पद्धतच आहे."

"मी काही बर्डीवरून आणणार नाही. आमच्या घरी मागच्या खोलीत माग आहे. बुढा गेला तेव्हापासून कोनी बसलं नाही. पोरं म्हनतात, काढून टाक, खोली मोकळी होते. मी काढू दिला नाही." तिनं घास गिळला. "तुमी या. लग्नाचं पातळ तिथं विणा. सूत आमचं, माग आमचा, हात तुमचे."

मी परात घेऊन तशीच उभी राहिले. मला वाटलं, मामाजी काहीतरी मोठं बोलतील, निदान हात जोडतील. त्यांनी पुरी पानात ठेवली.

"फणी कितीची आहे?" त्यांनी विचारलं. फणी म्हणजे मागाची ती कंगव्यासारखी पट्टी, तिच्यावर कापडाचा बारीकपणा ठरतो.

"येऊन पाहा ना."

"येतो. पन कितीची आहे?"

आणि रश्श्याच्या हातानंच त्यांनी डोळे पुसले. मग काय, तिखट गेलं, आणि धारा लागल्या. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. पंकज धावला. मांडवाच्या पलीकडून रोशनी कडकड वाजत, गुडघे पुढे करून आली आणि वडिलांसमोर वाकली. "बाबा, काय झालं? काहून रडून राहिले?"

"कुठं रडून राहिलो वं," मामाजी म्हणाले. डोळे मिटलेलेच, तोंडभर हसू. "उमरेडची पहिली बस किती वाजता राहते, ते सांग."